चीक पिऊन आजारी पडलेली वासरे

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला असलेला डम्फ्रीस-गॅलोवे हा परगणा गायींचा आहे. सखल भागात दुभत्या गायींचे मोठे गोठे आहेत आणि जमीन चढत जाते तसे मांसासाठी पाळलेले कळप दिसू लागतात. या कळपांतल्या गायींचे दूध कोणी काढत नाही. वासरू शरद ऋतूपर्यंत आईलाच पिते आणि मग बाजारात जाते, त्यामुळे दर गायीमागे वर्षाला एक जगलेले वासरू हीच मालकाची मिळकत असते. 2010 च्या वसंतात मी या भागातल्या एका खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होतो. एप्रिल म्हणजे गायी विण्याचा ऐन हंगाम, अडलेल्या गायी आणि हगवण लागलेली वासरे यांतून दिवस-रात्र उसंत नसते. अशाच एका सकाळी डोंगराकडच्या एका शेतावरून निरोप आला की, कानाला बिल्ला मारल्यापासून एका वासराचे रक्त थांबत नाही.

ब्रिटनच्या नियमानुसार मांसाच्या कळपातल्या वासराच्या दोन्ही कानांत जन्मापासून वीस दिवसांच्या आत बिल्ले मारावे लागतात. भोकातून दोन-चार थेंब रक्त येणे नेहमीचेच असते. हे वासरू मात्र आदल्या दुपारपासून ठिबकत होते आणि त्याच्या खालचे गव्हाचे काड तांबडे झाले होते. मालकाने आदल्या संध्याकाळी ताप आहे असे वाटून मानेत प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले होते, तर त्या सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती आणि तिच्यातूनही रक्त झिरपत होते. वासरू लिमुझिन संकराचे, दोन आठवड्यांचे आणि अंगाने चांगले भरलेले होते. ते उभे होते, माझ्यासमोर आईला प्यायलेही. ताप 105 अंश फॅरनहाइटच्या जवळ होता. ओठ उलटून पाहिले तेव्हा हिरड्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके पसरलेले दिसले, तसेच डोळ्यांच्या आतल्या बाजूला आणि नाकपुड्यांत दिसले. पाठीवर दोन ठिकाणी केस रक्ताने चिकटले होते. मी ते केस कातरून पाहिले, तर खाली जखम नव्हती, ओरखडाही नव्हता. शेण डांबरासारखे काळे होते.

“मागच्या आठवड्यात एक मेले, ते पोटाने गेले असे मला वाटले,” मालक म्हणाले. “त्याच्याही शेणात रक्त होते. आणि पलीकडच्या खणातले ते निजलेले पाहा, ते काल रात्रीपासून उठलेले नाही.”

माझे शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि स्कॉटलंडला येण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघात काही वर्षे नोकरी झाली. संकरित वासराला ताप आणि डोळ्यांत रक्ताचे ठिपके दिसले की तिकडे मनात पहिले नाव थायलेरिया या गोचिडांतून पसरणाऱ्या रक्ताच्या आजाराचे येते, आणि हात आपोआप गोचीड शोधू लागतात. दोन आठवड्यांच्या, जन्मापासून गोठ्यातच असलेल्या स्कॉटिश वासराला तो आजार होण्याचा संभव नव्हता. मग एकेक शक्यता तपासायची होती. उंदराच्या विषाने किंवा बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हर गवताने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, पण त्यात हिरड्यांवर असे बारीक ठिपके सहसा येत नाहीत, मोठ्या गाठी आणि पोटातले स्राव दिसतात. ब्रॅकन नावाचे नेचे या डोंगरांवर उदंड उगवते आणि ते अस्थिमज्जा जाळते, परंतु त्यासाठी जनावराने ते आठवडेच्या आठवडे खावे लागते आणि या वासराने अजून गवताला तोंड लावले नव्हते. रक्तात जंतू पसरून होणाऱ्या सेप्सिसमध्येही ठिपके येतात, मात्र तसे वासरू उभे राहून आईला लुचत नाही. उरला बीव्हीडीचा, म्हणजे गुरांच्या विषाणूजन्य हगवणीचा विषाणू. त्याच्या काही जातींमुळे वासरांच्या रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात आणि असाच रक्तस्राव होतो. पण या कळपाला बीव्हीडीची लस वर्षानुवर्षे नियमाने दिली जात होती.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकलो, कारण गेल्या काही महिन्यांपासून आमच्या व्यवसायाच्या साप्ताहिकांतून एका नव्या आजाराविषयी पत्रे येत होती. जर्मनीत 2007 पासून, विशेषतः बव्हेरियात, महिन्याच्या आतली धडधाकट वासरे अचानक रक्तस्रावाने मरत होती. पुढे बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्स येथूनही तसेच वृत्त आले, आणि 2009 मध्ये ब्रिटनमधली पहिली प्रकरणे नोंदली गेली. शेतकरी त्याला रक्त वाहणाऱ्या वासरांचा आजार म्हणत. प्रयोगशाळांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ असा की, नवजात वासराच्या रक्तातील सर्वच प्रकारच्या पेशी कमी होतात. आजार दिसू लागलेल्या वासरांपैकी दहातली नऊ दगावत. पत्रांतला संशय असा होता की, बीव्हीडीच्या एका लसीमुळे गायीच्या रक्तात तयार झालेले काहीतरी चिकातून वासरात जाते.

रक्ताचा नमुना घेतल्यावर मानेतली शीर मला बराच वेळ बोटाने दाबून धरावी लागली, यावरून अंदाज आलाच होता. दुपारी आकडे कळले. निरोगी वासराच्या एका मायक्रोलिटर रक्तात दोन लाखांहून अधिक बिंबिका असतात, या वासराच्या रक्तात त्या दहा हजारांच्या आसपास होत्या. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्या होत्या, त्या हजारालाही पोहोचत नव्हत्या. तांबड्या पेशी मात्र रक्त वाहून गेले होते तेवढ्याच कमी झाल्या होत्या. हा फरक महत्त्वाचा आहे. गायीच्या तांबड्या पेशी चार-पाच महिने टिकतात, बिंबिका जेमतेम आठ-दहा दिवस, तर पांढऱ्यांपैकी काही पेशी केवळ काही तास. कारखाना, म्हणजे अस्थिमज्जा, बंद पडला असेल तर साठ्यातले जे लवकर संपणारे असते ते आधी संपते, आणि या अहवालाचा अर्थ तोच होता.

रक्त देऊन पाहावे असे मालकांना वाटत होते आणि मलाही वाटत होते, जरी मज्जा रिकामी असेल तर तो केवळ मुदत वाढवण्याचा उपाय ठरेल हे मी त्यांना आधीच सांगितले. गायीला पहिल्यांदा रक्त देताना गट जुळवला नाही तरी सहसा निभावते, आणि अशा वेळी हाताशी असणारी गाय म्हणजे वासराची आई असल्यामुळे बहुतेक पशुवैद्य तिचेच रक्त काढतात. मालकांनी तिला खोड्याकडे वळवलेही होते. मी नको म्हणालो. त्या पत्रांतून व्यक्त झालेला संशय खरा असेल, तर वासराची मज्जा ज्याने मारली ते द्रव्य त्या गायीच्या रक्तात होते, आणि लिटरभर रक्ताबरोबर त्याची नवी मात्रा वासराला मिळाली असती. लस फक्त पैदाशीच्या माद्यांना दिली जात असे, म्हणून आम्ही वर्षाचा एक खच्ची केलेला गोऱ्हा निवडला, सोडियम सायट्रेट घातलेल्या बाटल्यांत त्याचे लिटरभर रक्त घेतले आणि वासराला सावकाश दिले. संध्याकाळपर्यंत हिरड्यांना रंग आला, कानाचे ठिबकणेही थांबले. पण नवीन बिंबिका दिवसांचाच हिशेब असतात, आणि तो आठवडा संपण्यापूर्वी ते वासरू मेले.

पलीकडच्या खणातले वासरू त्याच दिवशी दुपारी गेले होते. ते आम्ही स्कॉटिश कृषी महाविद्यालयाच्या रोगनिदान केंद्राकडे पाठवले, कारण देशभरातली अशी प्रकरणे तिथे गोळा करून तपासली जात होती. कातडीखाली, स्नायूंत, हृदयाच्या आवरणावर आणि आतड्याच्या सगळ्या लांबीवर रक्ताचे डाग होते. छातीच्या हाडातली मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तिथे चरबी आणि आधाराची जाळी तेवढी उरलेली दिसली. रक्त बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. बीव्हीडीचा विषाणू सापडला नाही.

आता प्रश्न उरलेल्या वासरांचा होता. साठेक गायींपैकी चाळीस व्यायल्या होत्या, वीस बाकी होत्या, आणि चाळिसांतली चार वासरे या आजाराची ठरली होती. हीच चार का, हे कळल्याशिवाय पुढच्या विसांविषयी काही सांगता येत नव्हते. त्यासाठी मी मालक आणि त्यांच्या पत्नी यांच्यासोबत त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ब्रिटनमध्ये खाद्य-जनावराला दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ठेवून ती पाच वर्षे जपणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक शेतांवर ती वही तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री भरली जाते, हे उघड गुपित आहे. या घरात मात्र बाईंनी औषधवही आणि वेताची वही दोन्ही नेटाने लिहिल्या होत्या: गाय कधी व्यायली, कितवे वेत, बैल कोणता, वासराने पहिल्यांदा किती वाजता आचळ धरले, सगळे. अशा नोंदी हाती लागणे ही पशुवैद्याच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट आहे.

मालकांचा संशय बैलावर होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भरपूर पैसे मोजून एक लिमुझिन बैल आणला होता आणि मेलेल्या वासरांपैकी तीन त्याची होती. पहिल्यांदा विणाऱ्या कालवडींना त्यांनी ॲबर्डीन अँगस बैल दाखवला होता, कारण त्याची वासरे लहान असतात आणि विताना त्रास होत नाही. या कालवडींची सगळी वासरे ठणठणीत होती. वरवर पाहता हिशेब जुळत होता. पण वेताची वही पुढे चाळली तेव्हा चौथे आजारी वासरू जुन्या सिमेंटल बैलाचे निघाले, आणि लिमुझिनची निदान डझनभर वासरे निरोगी होती. शिवाय कालवडी आणि मोठ्या गायी यांच्यात बैलाखेरीज आणखीही फरक होता. कालवडींना बीव्हीडीच्या लसीच्या सुरुवातीच्या दोनच मात्रा मिळाल्या होत्या, तर मोठ्या गायींना त्या दोन मात्रांनंतर दरवर्षी एक याप्रमाणे मात्रा मिळत गेल्या होत्या. चारही आजारी वासरांच्या आया तिसऱ्या किंवा त्याहून पुढच्या वेताच्या होत्या.

नुसत्या वेतावरून निष्कर्ष काढण्यात धोका होता, तो मी त्यांना समजावला. वेत वाढते तशा मात्रा वाढतात, तसाच चीकही वाढतो. मोठी गाय कालवडीपेक्षा बरेच अधिक आणि दाट चीक देते. त्यामुळे वय, मात्रांची संख्या, चिकाचे प्रमाण आणि या कळपापुरता बैलसुद्धा, हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते, आणि चार वासरांच्या आधारे ते सुटे करणे कोणालाही शक्य नव्हते. मालकांनी दुसरी शंका ब्ल्यूटंग या, चिलटांमधून पसरणाऱ्या विषाणूच्या आजाराच्या लसीची काढली. स्कॉटलंडमध्ये 2008 च्या अखेरीस तिची सक्तीची मोहीम झाली होती आणि त्या सक्तीवर त्यांचा राग अजून गेला नव्हता. पण जर्मनीत वासरे 2007 पासून मरत होती आणि ब्ल्यूटंगच्या त्या लसी 2008 मध्ये आल्या. परिणाम कारणाच्या आधी येत नाही. जर्मनीतल्या काही आजारी वासरांत सापडलेल्या सर्कोव्हायरसचीही चर्चा होती, पण तो सगळ्यांत आढळत नव्हता आणि निरोगी वासरांतही आढळत होता.

मग बाईंनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. मागच्या आठवड्यात पोटाने मेले असे ज्याच्याविषयी वाटले होते, ते वासरू जुळ्यांपैकी एक होते. आईने एकाला चाटून घेतले आणि दुसऱ्याला लाथ मारून दूर केले. टाकलेल्या वासराला बाईंनी खालच्या अंगाच्या एका दूध उत्पादकाकडून आणून गोठवून ठेवलेला चीक कोमट करून नळीने पाजला होता, आणि ते वासरू त्या क्षणीही अंगणात बाटलीतले दूध पीत होते. आम्ही तिघेही उठून बाहेर गेलो. त्याचे ओठ, डोळे, नाक तपासले, एकही ठिपका नव्हता. रक्ताचा अहवालही पुढे स्वच्छ आला.

गायीच्या जुळ्यांबाबत एक विशेष गोष्ट अशी की, गर्भाशयात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि एकाच्या मज्जापेशी दुसऱ्यात जाऊन वसतात. म्हणजे या दोन वासरांची मज्जा जवळजवळ सामाईक होती. आई तीच, बाप तोच, गोठा, काड, हवा सारे तेच. एकाने आईचा चीक पोटभर प्यायला, तो मेला. दुसऱ्याला तो मिळाला नाही, तो जगला. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक होते, आणि तरी त्या संध्याकाळी माझ्या मनातला बराचसा संदेह तिथेच संपला, हेही खरे आहे.

“म्हणजे आम्ही वासरांना लवकर पाजले म्हणून ती मेली?” बाईंनी विचारले. दोन तासांच्या आत प्रत्येक वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे हा त्यांचा दंडक होता, आणि तो दंडक त्यांना आमच्याच दवाखान्याने घालून दिला होता. त्यांच्या प्रश्नात तक्रार नव्हती, पण मला उत्तर देणे अवघड गेले. महाराष्ट्रात असताना मी नेमके हेच गावोगाव सांगत फिरलो होतो. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये ही समजूत मोडून काढायची, खरवसासाठी चीक काढून घेण्याआधी वासराचे पोट भरा म्हणून विनवायचे, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवशी गेलाच पाहिजे असे सांगायचे. ते सांगणे चुकीचे नव्हते आणि आजही नाही. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत, वासरू त्यांच्याविना जन्मते आणि पहिल्या चोवीस तासांत आतड्याची भिंत प्रथिनांना जशीच्या तशी आत घेते म्हणूनच ते जगते. या आजारात त्याच वाटेने वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे आत जात होती.

ती कशी तयार होत होती, याचा उलगडा त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून झाला. आजारी वासरांच्या आयांचा चीक परक्या, निरोगी वासरांना पाजल्यावर त्यांनाही आजार होतो, हे जर्मनीत आणि पुढे ब्रिटनमध्येही दाखवण्यात आले. बीव्हीडीच्या ज्या निष्क्रिय लसीवर संशय होता, तिच्यातला विषाणू गायीच्या मूत्रपिंडापासून 1957 मध्ये तयार केलेल्या पेशींच्या वाणावर वाढवलेला होता, आणि त्या पेशींची प्रथिने लसीत उरत होती. प्रत्येक जनावराच्या पेशींवर आपले-परके ओळखण्याची प्रथिने असतात. लस टोचलेल्या गायीचे शरीर त्या अनोळखी पेशींच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवी, आणि लसीत प्रतिसाद वाढवण्यासाठी घातलेले द्रव्य फार प्रभावी असल्यामुळे ती भरपूर बनत. गायीला स्वतःला त्यांचा त्रास नसे, कारण स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध ती प्रतिपिंडे बनवत नाही. वासराची अर्धी प्रथिने मात्र बापाकडून आलेली असतात, आणि ती लसीतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती निघाली की चिकातून आलेली प्रतिपिंडे वासराच्या पांढऱ्या पेशी, बिंबिका आणि मज्जेतल्या जनक-पेशी यांना चिकटतात. चीक प्यायल्यावर काही तासांतच रक्तातल्या बिंबिका उतरतात, पण वासरू तोवर निरोगीच दिसते. मज्जेत नवीन उत्पादन होत नाही आणि साठा संपत जातो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांवर ठिपके उमटतात. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दुर्दैव असे की, बिल्ला मारण्याची मुदतही नेमकी तेव्हाच भरत आलेली असते.

मालकांचा बैलावरचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे मला यातून उमगले. बापाच्या प्रथिनांचा वाटा असतोच, म्हणून एकाच गायीचे एका वर्षीचे वासरू मरते आणि पुढच्या वर्षीचे वाचते असेही घडते. पण बैल हे मूळ कारण नव्हते. जर्मनीत आजार झालेल्या आणि न झालेल्या कळपांची शेजारी-शेजारी ठेवून तुलना झाली, तेव्हा सगळ्या घटकांतून ठळकपणे वर आली ती तीच लस, कळपाच्या पातळीवर आणि एकेका गायीच्या पातळीवरही. त्याआधीच, 2010 च्या वसंतात, तिची जर्मनीतली विक्री थांबली होती. जूनमध्ये ती सबंध युरोपीय संघात उत्पादकाने स्वतःहून थांबवली, आणि जुलैमध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने परवाना स्थगित करण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तीच लस वापरलेल्या कळपांत तोच आजार आढळला. ज्यांच्या मनात शंका उरली होती त्यांच्यासाठी यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

हे सगळे पुढचे. त्या एप्रिलमध्ये माझ्यापाशी चार वासरे, एक जुळ्यांची जोडी आणि काही पत्रे एवढेच होते, आणि त्यावर वीस गायींची व्यवस्था ठरवायची होती. पशू औषध संचालनालयाकडे संशयित दुष्परिणामाचा अर्ज मी त्याच रात्री भरला. दुसऱ्या दिवशी बाईंनी उरलेल्या गायींपैकी तीन किंवा अधिक वेते झालेल्या आणि दरवर्षी लस घेतलेल्या गायींची यादी काढली. या गायी देखरेखीखाली व्यायच्या, वासराने आचळ धरण्याआधी त्याला वेगळे करायचे, दुसरीकडचा चीक दोन तासांत तीन लिटर आणि बारा तासांत पुन्हा पाजायचा, आईची कास पिळून तो चीक फेकून द्यायचा, आणि चोवीस तासांनी, आतड्याची भिंत बंद झाली की, वासरू आईकडे सोडायचे, असे ठरले. त्यानंतर आईच्या दुधातली प्रतिपिंडे पोटात गेली तरी रक्तात जात नाहीत.

कागदावर हे सोपे दिसते. ज्याने लिमुझिन संकराच्या नुकत्या व्यायलेल्या, कधीही दूध न काढलेल्या गायीपासून तिचे वासरू उचलले आहे, त्यालाच त्यातली अडचण कळेल. एका गायीने लोखंडी फाटक वाकवले, दुसरीने मालकांना गव्हाणीत उडी मारायला लावली. दुसऱ्याकडचा चीक आणण्यातही जोखीम होती. खालच्या अंगाच्या त्या दूध उत्पादकाने संशयित लस वापरली नव्हती, हे विचारून घेतले होते, पण दुभत्या कळपांतून जोन्स रोग, म्हणजे आतड्यांचा एक जुनाट संसर्ग, चिकाबरोबर घरी येण्याची भीती असते आणि तो आजार एकदा कळपात शिरला की वर्षानुवर्षे जात नाही. त्याच्या गायींच्या तपासणीचे अहवाल पाहूनच आम्ही त्याचा चीक घेतला, आणि तो पुरेना तेव्हा चिकाची पावडर वापरली. पावडर महाग असते आणि माझ्या मते खऱ्या चिकाची सर तिला येत नाही. दोन वासरांना हगवण लागली, त्याचे एक कारण मी ती पावडरच मानतो. पण ती दोन्ही उठली.

यादीतली एक गाय मात्र रात्री कुरणात व्यायली आणि पहाटे सापडली, तेव्हा वासरू पिऊन तृप्त झाले होते. त्याचे रक्त मी दर काही दिवसांनी तपासत राहिलो. बिंबिका उतरल्या, लाखाच्या खाली गेल्या, पांढऱ्या पेशीही कमी झाल्या, पण त्याच्या हिरड्यांवर एकही ठिपका आला नाही आणि महिन्याभरात सगळे आकडे पूर्ववत झाले. असे झाकलेले प्रकार डोळ्यांनी दिसणाऱ्या आजारापेक्षा अधिक असतात, हे पुढे इतर ठिकाणच्या तपासण्यांतूनही दिसून आले. त्या वासराच्या कानाला बिल्ला मारण्याचे काम मी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत लांबवायला लावले होते. त्या हंगामात आणखी एकही वासरू रक्तस्रावाने गेले नाही.

लस बंद झाली तरी गायीच्या शरीरातली प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकत असल्याने प्रश्न लगेच संपणारा नव्हता. ज्या चार गायींची वासरे आजारी झाली होती, त्या मालकांनी शरदात कत्तलीसाठी विकल्या. इतर मोठ्या गायींसाठी 2011 मध्येही चिकाची तीच व्यवस्था ठेवावी लागली. आमचा खरा वाद झाला तो बीव्हीडीवरून. शेजारच्या एका शेतकऱ्याने जन्मात कधी लस दिली नव्हती आणि त्याचे एकही वासरू रक्तस्रावाने मेले नव्हते, हे तो बाजारात प्रत्येकाला ऐकवत होता, आणि मालकांनाही आता कोणतीच लस नको होती. मी त्यांना बीव्हीडीचा हिशेब मांडून दाखवला: गाभण असताना पहिल्या चार महिन्यांत विषाणू शिरला तर वासरू जन्मभराचे बाधित जन्मते, बाहेरून चांगले दिसते आणि दररोज सगळ्या कळपात विषाणू पसरवत राहते. 2010 च्या शरदात स्कॉटलंड सरकारने बीव्हीडी हटवण्याच्या मोहिमेचा पहिला टप्पा, अनुदानित तपासणीचा, सुरू केला होता. तिचा फायदा घेऊन आम्ही कळप तपासला, तो स्वच्छ निघाला, पण कुंपणापलीकडे त्या शेजाऱ्याच्याच गायी चरत होत्या. शेवटी असे ठरले की, मोठ्या गायींना काही टोचायचे नाही, दरवर्षी कळपातल्या तरुण जनावरांचे रक्त तपासायचे, शेजाऱ्याच्या बाजूला दुहेरी कुंपण घालायचे, आणि नव्या कालवडींना तेवढी दुसऱ्या प्रकारची लस माजावर येण्यापूर्वी द्यायची. मालकांनी त्याला होकार दिला, पण त्या कालवडींची पहिली वासरे महिन्याची होईपर्यंत दर आठवड्याला त्यांचे ओठ उलटून पाहायला मी स्वतः यावे, आणि त्या भेटींचे पैसे दवाखान्याने लावू नयेत, अशी अट घातली. दवाखान्याच्या भागीदारांना ती अट फारशी रुचली नाही, तरी त्यांनी ती मान्य केली.